सतरा चिठ्ठ्यांतल्या दोन

नोकरी संपवून गावी आलो, तेव्हा पहिली अडचण रोज दुपारी चार वाजता यायची. वर्तमानपत्राच्या डेस्कवर चारला बैठक असे. उद्याच्या पानावर काय जाणार आणि काय राहणार, हे तिथे ठरे. एकतीस वर्षं मी त्या बैठकीला बसलो होतो. बोर्ली पंचतनपासून आत वीस मिनिटांवर असलेल्या आमच्या गावात चारला काहीच ठरत नसे. वालाची झोडणी झालेली, खळी मोकळी, कुत्री सावलीला. मी मात्र घड्याळ न बघता उठून उभा राही. ओटीवरून अंगणात, अंगणातून विहिरीपर्यंत, आणि परत. बायकोनं एकदा विचारलं, "कुणी यायचंय का?" कुणी यायचं नव्हतं.

म्हणून चाचांनी पत्ते खेळायला बोलावलं तेव्हा मी लगेच गेलो. चाचा अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. त्यांचं घर मोहल्ल्याच्या टोकाला, रस्त्यालगत. पडवीत सतरंजी, आणि सतरंजीवर तीन ते साडेपाच पोकरचा डाव. हा खेळ ते जहाजावरच्या एका खानसाम्याकडून शिकले होते आणि गावात शिकवायला त्यांना माणसं हवी होती. चाचीची अट एकच: पैसा दिसला तर पत्ते चुलीत. त्यामुळे सालासकट वाळवलेली काजूची बी म्हणजे एक, आणि सुपारी म्हणजे दहा. डाव संपला की सगळं परत टोपलीत.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं पालथी. मधे पाच पानं उघडी येतात: आधी तीन एकदम, मग चौथं, मग पाचवं. या सातांतून आपला पाच पानांचा चांगला हात लावायचा. दर टप्प्याला बिया वाढवायच्या, नाहीतर पानं टाकून द्यायची.

मला त्यातलं धरून ठेवणारं एकच होतं. जी पानं दिसत नाहीत तीही मोजता येतात. हातात दोन बदाम, मधल्या तिनांत दोन बदाम, म्हणजे गड्डीत आणि इतरांच्या हातांत मिळून नऊ बदाम उरले. दिसलेली पानं पाच, न दिसलेली सत्तेचाळीस. पुढचं पान बदाम निघण्याची शक्यता सत्तेचाळिसांत नऊ, साधारण पाचाला एक. दोन्ही पानं धरली तर पस्तीस टक्के. चाचा या नऊ पानांना 'कामाची पानं' म्हणत. त्यांची रीत बोटांवरची होती. दोन पानं यायची असतील तर कामाच्या पानांना चारनं गुणायचं, एकच यायचं असेल तर दोननं, की टक्के आले. मी घरी वहीत खरे अपूर्णांक मांडून पाहिले. चाचांची रीत बहुतेक ठिकाणी एक-दोन टक्क्यांपलीकडे चुकत नव्हती. इंजिनरूममध्ये एवढी चूक चालते का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पेपरवाले, एवढ्या चुकीवर आम्ही दोनदा जग फिरून आलो."

तिसरे खेळाडू गावचे उपसरपंच. पंचेचाळिशीचे, चिऱ्याच्या खाणीचे मालक, बोलायला मोकळे. लहानपणापासून तीन पत्ती खेळलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सात ते गुलाम अशी ओळ लावली आणि मधल्या सगळ्या बिया ओढायला हात घातला. चाचांनी पाच किलवर उघडे केले.

"थांब. कलर मोठा."

"कलर मोठा? चाचा, जहाजावर उलटं शिकिवतात काय? सिक्वेन्स कलरच्या वर असतो. बारकं पोर पन सांगंल."

"ते तीन पत्तीत. इथं पाच पानं हायत."

"पानं वाढली म्हणून नेम उलटा व्हतो व्हय?"

होतो. मी त्या संध्याकाळी मोजलं. तीन पानांत ओळ लागणं कलरपेक्षा दुर्मीळ. पाच पानांत कलर दुर्मीळ, ओळीच्या जवळपास निम्म्यानंच लागतो. जे दुर्मीळ ते मोठं, एवढाच नियम, पण पानांची संख्या बदलली की दुर्मीळ काय ते बदलतं. दुसऱ्या दिवशी मी कागद दाखवला. उपसरपंचांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

"कागद बरोबर असंल, काका. पन बिया माझ्या व्हत्या."

चौथी खेळाडू आली ती खेळायला आलीच नव्हती. ती गावची सरपंच. वरच्या वाडीत दिलेली, चाळिशीच्या आतली. घरी भात, वाल आणि दोन म्हशी. गेल्या वेळी गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं, त्यात निवडून आली. माझ्याकडे ती अर्ज लिहून घ्यायला येई, आणि दुपारी मी चाचांकडे असतो हे कळल्यावर कागद घेऊन तिथेच येऊ लागली. अर्ज बहुतेक एकाच गोष्टीचे असत. धरणावरून वरच्या वाडीला पाणी न्यायची योजना मंजूर झाली होती. पाईप ओढ्यापर्यंत आले होते. ओढ्यापलीकडचे पाईप रस्त्याकडेला नुसते पडून होते, आणि त्यांच्या बाजूनं वाडीच्या बायका हंडे घेऊन वर चढत होत्या. ठेकेदाराला रोज फोन करावा लागे. ती करायची.

उपसरपंचांचा पाण्याला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं, आधी खालच्या आळीपासून खाणीपर्यंतचा रस्ता काँक्रीटचा करावा, मग पाणी. "गाडी वर गेली तर पाईप वर जाईल ना, वहिनी." ती म्हणे, "गाडी तुमची हाय, भावजी. पाईप गावाचा हाय." दोघंही हसत हे बोलत. पण पुढच्या पाच वर्षांत खुर्चीवर कोण, यावर आधी काय होणार ते अवलंबून होतं, आणि पडवीत बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

एक दिवस अर्ज लिहून होईपर्यंत चाचांनी तिच्यापुढे दोन पानं टाकली. "बस, पोरी. गणपतीत पाच-तीन-दोन खेळतेस ना? हे त्याचंच मोठं भावंड." ती बसली. तिचं खेळणं मला पटत नसे. ती मोजत नसे. दहांतले सात डाव "न्हाय" म्हणून पानं टाकून देई आणि मग बाकीच्यांचे हात बघत बसे. पानं नव्हे, हात. हात कच्चा असला की उपसरपंच बिया पुढे सरकवण्याआधी अंगठ्यानं एक बी फिरवत, हे मला दोन महिन्यांनी तिनं सांगितल्यावर दिसलं.

एप्रिलच्या सुरुवातीला सोडतीची तारीख आली. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचं सरपंचपद पुढच्या वेळी कुणासाठी राखीव, हे तालुक्याच्या ठिकाणी जाहीर चिठ्ठ्या काढून ठरतं. आमच्या पडवीत चार दिवस दुसरा विषय नव्हता.

"काका, तुम्ही मोजता ना," उपसरपंच म्हणाले. "मग हे मोजा की. आपली चिठ्ठी कुठं पडंल?"

मी मोजलं. तालुक्याच्या वार्ताहराला फोन केला, नियम विचारून घेतले, मागची यादी मागवली. आमचं गाव सर्वसाधारण गटात राहील हे जवळपास नक्की होतं. त्या गटातली निम्मी गावं महिलांसाठी. ज्या गावांत मागच्या वेळी महिला आरक्षण नव्हतं ती आधी भरली जाणार, आणि ती भरून दोन जागा उरत होत्या. त्या दोन जागांसाठी मागच्या वेळी महिला आरक्षण असलेल्या सतरा गावांच्या चिठ्ठ्या. त्यांतलं एक आमचं. म्हणजे सतरांत दोन. बारा टक्क्यांना किंचित कमी.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडून सतरंजीवर ठेवली. दोन रकाने केले होते. एकावर 'महिला', खाली सरपंचबाई, बारा. दुसऱ्यावर 'खुला', खाली उपसरपंच, अठ्ठ्याऐंशी.

"शेवटचं एक पान यायचंय आणि कामाची पानं पाच-सहा, असं समजा," मी म्हणालो.

तिनं वही स्वतःकडे वळवली. "म्हणजे माझं आठाला एक."

"साडेआठाला."

"आणि भावजींचं बाकीचं सगळं."

"हो."

उपसरपंच बी फिरवत होते. चाचांनी पत्ते पिसले. तिनं पुढचे तीन डाव न बघताच टाकून दिले आणि पाण्याची वेळ झाली म्हणून उठली.

त्यानंतरचे बारा दिवस मी नीट बसलो नाही. आकडा बरोबर होता, पण मी तो पुन्हा पुन्हा काढत होतो. एखाद्या गावाची वर्गवारी बदलली तर सतराचे सोळा होतील का. वार्ताहर म्हणे, होऊ शकतात. सोळा झाले तर साडेबारा टक्के. मी सकाळी फोन करी, दुपारी पडवीत जाऊन ताजा आकडा सांगे. चाचा म्हणाले, "पेपरवाले, गड्डी अजून पिसतायत. तू रोज पान उघडून काय बघतोस?" मला थांबता येत नव्हतं. बातमी येण्याआधीच्या तासात जसं होतं तसं हे होतं, फक्त तास बारा दिवसांचा.

आकडा पडवीत राहिला नाही. उपसरपंचांनी तो खाणीवर सांगितला, खाणीवरून तो बोर्लीच्या बाजारात गेला आणि दोन दिवसांत गावच्या ग्रुपवर आला: 'जाणकारांच्या मते ८८ टक्के'. जाणकार म्हणजे मी. दाखल्यासाठी लोक सरपंचाकडे जायचे ते उपसरपंचांकडे जाऊ लागले. ठेकेदारानं आधी फोन उचलायला उशीर लावला, मग उचललाच नाही. पाऊस तोंडावर आहे, आता काम काढण्यात अर्थ नाही, असा निरोप आला. तेव्हा एप्रिलचा मध्य होता. ओढ्यापलीकडे एका पाईपमध्ये मधमाश्यांनी पोळं केलं होतं.

मी हे बघत होतो आणि त्यात माझा काही संबंध आहे असं मला वाटलं नाही. एकतीस वर्षं मी आकडे तपासून छापले होते. आकडा खरा असला की त्याचं पुढे काय होतं ते आमच्या विभागाचं काम नव्हतं.

सोडतीच्या दिवशी ती आणि उपसरपंच एकाच एस.टी.नं तालुक्याला गेले. एका शाळकरी मुलीनं बरणीतून दोन चिठ्ठ्या काढल्या. दोन्ही दुसऱ्या गावांच्या. आमचं गाव खुलं.

त्या दिवशी तीनला पडवीत गर्दी होती. उपसरपंच पेढे घेऊन आले. चाचीनं सरबत केलं. कुणीतरी त्यांना "सरपंच" म्हणूनही घेतलं, आणि ते "अजून न्हाय रे, अजून न्हाय" म्हणत पेढा पुढे करत होते. चारच्या सुमाराला गर्दी पांगली आणि आम्ही चौघं उरलो. ती खांबाला टेकून बसली होती. पेढा हातातच होता.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "सतरांत दोनच होत्या. हे अपेक्षितच होतं."

"काय अपेक्षित व्हतं, काका?"

"गाव खुलं होणार हे."

"ते कळलं. त्यानं माझं काय झालं?"

मला प्रश्न समजला नाही. तिनं तो पुन्हा विचारला, सावकाश, अर्ज लिहून घेताना मजकूर सांगायची तसा.

"खुल्या जागेवर बाई उभी राहिली तर फारम घेत न्हाईत काय?"

घेतात. खुली जागा म्हणजे कुणीही. हे मला माहीत होतं; असंख्य बातम्यांमध्ये मी ते वाक्य दुरुस्त करून सोडलेलं होतं. आणि तरी वहीत मी दोन रकाने आखले, एकात तिचं नाव घातलं, दुसऱ्यात त्यांचं, आणि मधली रेघ पट्टीनं ओढली. ती रेघ मला कुणी सांगितली नव्हती. बारा टक्के ही चिठ्ठी निघण्याची शक्यता होती. मी ती तिची म्हणून वाटून मोकळा झालो होतो.

चाचा हसायला लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. "पेपरवाले! अपूर्णांक घरून करून आणतोस, आणि कामाची पानंच चुकीची मोजलीस. हिचं एक पान नव्हतं रे. सगळी गड्डी हिची व्हती."

"चाचा, तसं न्हाय," उपसरपंच म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "फारम कुणाचं पन घेतात. पन एक पद्धत असते. राखीव बायकांची, खुली पुरुषांची. आजपर्यंत असंच चाललंय. वहिनी, तुमची पाच वर्षं झाली ना?"

"झाली. पाईप ओढ्यापाशी हाय."

"तो मी नेतो की वर. शब्द देतो."

"रस्त्याआधी?"

उपसरपंचांनी समोरची एक बी उचलली आणि फिरवली.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"न्हाय. तुम्ही वही दाखवलीत, मला वाटलं, काका पेपरातले, सगळं धरून मोजलं असंल. घरी पन सांगितलं, आता संपलं आपलं. बारा दिवस तसंच धरून व्हते." तिनं पेढा सरबताच्या पेल्याशेजारी ठेवला. "आज चिठ्ठी निघाल्यावर तिथल्या कारकुनाला सहज विचारलं. तो पन आधी न्हाय म्हणाला. मग आत जाऊन विचारून आला."

दुसऱ्या दिवसापासून उपसरपंच यायचे थांबले. तिघांत पोकर बरा होत नाही. तरी आम्ही बसत होतो. मी माझी वही बदलली. वाडीनिहाय घरं, घरातली मतं, मुंबईला कामाला असलेल्यांपैकी मतदानाला कोण येईल, असं मांडू लागलो. यामागे पश्चात्ताप होता की जुनी खाज, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एका दुपारी मी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं ती न वाचता मिटली.

"मोजा. तुम्हाला मोजल्याबिगर करमत न्हाय. पन आकडा कुणाला सांगू नका. मला पन नको."

निवडणूक दिवाळीनंतर लागली. तोपर्यंत गावात एक गोष्ट घडली, ती मी वहीत वेळेवर टिपली आणि कुणाला सांगितली नाही. खालच्या आळीत एक माजी सरपंच होते, उरणला ट्रकचा धंदा करून परत आलेले. जागा खुली झाली म्हटल्यावर त्यांनीही तयारी केली. उपसरपंच आणि ते, दोघंही धरून चालले की लढत या दोघांत आहे. मे ते ऑक्टोबर त्यांनी एकमेकांची माणसं फोडली, एकमेकांच्या भावकीत बैठका घेतल्या, एकमेकांचे जुने ठराव बाहेर काढले. मग तिनंही फारम भरलं. त्याकडे दोघांनी बघितलं ते असं, की बाई आहे, माघारीच्या दिवशी काढून घेईल. माघारीच्या दिवशी माजी सरपंचांनी तिच्या नवऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "मला काय विचारता? मी उभा हाय काय?"

ती प्रचाराला वाडीवाडीत गेली ती पाण्याच्या वेळेला, जिथे हंडे रांगेत असतात तिथे. फार बोलली नाही. काय बोलायचं ते रांग बोलत होती.

मतमोजणी तालुक्याला होती. मी सकाळी आठलाच जाऊन पोचलो. आत फक्त उमेदवार आणि प्रतिनिधी, मी फाटकाबाहेर. टपरीवर दोन चहा घेतले, रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. खिशात वही होती. वहीत तिच्या नावापुढे चौतीस टक्के लिहिलेले होते, तिघांत एक यापेक्षा थोडंसं जास्त. ते मी दहा वेळा तरी उघडून पाहिलं असेल. आकडा बदलत नव्हता आणि मला तो बदलायला हवा होता. एवढं तरी त्या दिवशी स्वतःशी स्पष्ट होतं.

आमच्या गावाची पाळी साडेअकराला आली. पहिला प्रभाग खालच्या आळीचा. तिथे ती तिसरी. प्रतिनिधी बाहेर येऊन आकडे ओरडत होते, ऐकणारे गुलालाच्या पिशव्या घट्ट धरून उभे. दुसऱ्या प्रभागात दोघा पुरुषांत मतं फुटली आणि ती दुसरी आली. तिसरा प्रभाग वरच्या वाडीचा आणि मोहल्ल्याचा. तो आकडा कुणी ओरडून सांगितला नाही. दारातून आधी उपसरपंच बाहेर आले. चप्पल शोधली, घातली, मग मला पाहिलं.

"चोवीस मतांनी, काका."

"कोण?"

"वहिनी. मी दुसरा." ते फाटकाच्या खांबाला हात लावून उभे राहिले. "आम्ही दोघं एकमेकांकडंच बघत बसलो हो. दोघांची बेरीज केली तर ती कुठंच न्हाय."

"बेरीज करायची नसते यात," मी म्हणालो.

"ते आता सांगताय!" ते म्हणाले, आणि त्याही अवस्थेत थोडे हसले.

मागून ती आली. वाडीच्या बायकांनी तिला वेढलं, कुणी कपाळाला गुलाल लावला, तो डोळ्यात गेला आणि ती पदरानं डोळा पुसत होती. तिच्या पिशवीत फोन वाजला. तिनं तो काढून माझ्यापुढे धरला. गुलालामुळे तिला नाव वाचता येत नव्हतं.

"कुणाचा हाय, बघा ओ."

ठेकेदाराचा होता. मी सांगितलं. बायका जवळ सरकल्या. तिनं फोन कानाला लावला, पलीकडून बराच वेळ अभिनंदन चाललं असावं, कारण ती नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती. मग तिनं मधेच तोडलं.

"उद्या सकाळी सातला ओढ्यावर या. माणसं घेऊन या. त्या पाईपात पोळं हाय, ते आधी काढायला लागंल."